करंबपेठेत कोणीच नव्हतं

प्रमोदमामाला मिरवेल हवी होती. काळ्या मिरीची वेल, पण साधीसुधी नव्हे. करंबपेठेच्या खालच्या दरीत, जुन्या घाटवाटेच्या कडेला एका ऐनाच्या झाडावर चढलेली, वीतभर लांब घोस धरणारी आणि मर रोगाला भीक न घालणारी मिरवेल! राजापूरजवळच्या त्याच्या रोपवाटिकेतल्या दीडशे वेली एकाच पावसात पिवळ्या पडून गेल्या, तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. एका गुराख्याने सांगितलेली खूण एवढाच आधार. तेवढ्यावर मार्गशीर्षातल्या एका सकाळी तो डोंगर चढायला निघाला.

बरोबर दोघं. एक अनिल, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेले, तोंडाला मात्र बांध नाही. आणि दुसरी मामाची भाची, दीक्षा.

दीक्षाला मिरवेल नको होती. तिला तसं काहीच नको होतं. सात महिन्यांपूर्वी बाळ झालं आणि तेव्हापासून आतला एक दिवा गेला होता, एवढंच. दुखत नव्हतं, रडू येत नव्हतं. बाळाला न्हाऊ घालायचं, पाजायचं, खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, सगळं नीट, वेळच्या वेळी. बाळ हसलं की शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसं ते हसू तिच्यापर्यंत पोचायचं. नवरा मुंबईहून महिन्यातून दोनदा यायचा. त्याला ती "बरी आहे" म्हणायची. शेवटी तिच्या आईनेच भावाला सांगितलं, "घेऊन जा हिला. डोंगर म्हणजे हिचा जीव होता. दोन दिवस बाळाकडे मी बघते." दीक्षा "बरं" म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच "बरं" म्हणायची.

बेत सोपा होता. पहिल्या दिवशी वेल शोधायची, रात्र दरीतल्या पडक्या गोठ्यात काढायची, दुसऱ्या दिवशी वर करंबपेठ गाठायची. करंबपेठ म्हणजे डोंगराच्या खांद्यावरचं एवढंसं गाव: एक बाजारगल्ली, एक शाळा, एक दवाखाना आणि चारी बाजूंनी रान. तिथून दुपारची एसटी धरून वळणावळणाच्या रस्त्याने खाली यायचं.

"एसटीच्या आधी बाजारात भजी," अनिल म्हणाला. "भजी झाल्याबिगर मी डबल बेल देत नाय."

वाट म्हणजे नुसती आठवण होती. पावसाने धुतलेले दगड, त्यांवर पालापाचोळ्याचा थर, मधूनच अंगावर येणारी करवंदीची जाळी. एका ठिकाणी कातळाच्या पोटातून वीस पावलं आडवं जायचं होतं; डाव्या हाताला कडा आणि उजव्या हाताला काहीच नाही. अनिल ती वीस पावलं बसून सरकत गेला. दीक्षा उभी राहून चालत गेली. खाली दरीत धुकं भरलं होतं. पूर्वी अशा जागी तिला भीती वाटायची आणि ती भीती तिला आवडायची. आज पाय नुसते एकापुढे एक पडत राहिले.

दुपार कलताना मामा थांबला. ऐन होता. ऐनावर वेल होती. आणि वेलीला हिरव्या मण्यांचे घोस, वीतभराहून लांब! मामाने पानांवरून हात फिरवला. मग त्याने जमिनीवर सरपटणारे मुळं फुटलेले वीस फुटवे निवडून कापले, ओल्या शेवाळात ठेवले, पिशवीतलं जादाचं धोतर पाण्यात भिजवून त्यात बांधले आणि ती मोळी तान्ह्या पोरासारखी काखेत घेऊन गोठ्यापर्यंत चालत गेला.

रात्र गोठ्यातल्या पेंढ्यावर गेली. उजाडताना मामा बोट चोळत उठला.

"मुंगी चावली वाटतं."

ना सूज, ना रक्त. चहा झाला, पिशव्या भरल्या. तासाभराने मोळी उचलताना मामाच्या पापण्या खाली आल्या. त्या वर जाईनात.

"झोप पुरी नाय झाली," तो म्हणाला. शब्द जाड झाले होते.

दीक्षाने त्याचं बोट उजेडात धरलं. सुईने टोचावीत तशी दोन टिंबं. तिने काठीने पेंढा उलटला. काळा, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे असलेला साप संथपणे सरकला आणि भिंतीच्या फटीत गेला.

"कांडर," अनिल म्हणाला.

मण्यार! दीक्षा हायस्कूलला विज्ञान शिकवायची. नववीच्या वर्गाला ती दर वर्षी सांगायची: मण्यार चावलेली दुखत नाही, म्हणून माणूस फसतो. आधी पापण्या, मग जीभ, मग छाती. औषध मिळेपर्यंत त्याला चालवायचं नाही. भीती वाटायला हवी, तिच्या मनात आलं. पण ती वाटेपर्यंत थांबायला वेळ नव्हता.

"मामा, निजून राहा. हात हलवू नका."

हाताला काठी लावून बांधायला लांब कापड हवं होतं. तिने मोळी सोडली. शेवाळ आणि फुटवे शेणाच्या जमिनीवर पडले.

"वेल..." मामा म्हणाला.

"राहू दे वेल."

धोतर उभं फाडलं. अर्ध्याने हात काठीला बांधला. उरलेल्या अर्ध्याने आणि दोन चादरींनी छपराच्या एका बांबूला झोळी झाली. मामा जेमतेम पन्नास किलोचा. तरी झोळी उचलली तेव्हा अनिलचे गुडघे वाजले. खाली उतरायला चार तास, वर करंबपेठ पाऊण तासावर. फोनला या डोंगरात रेंज नव्हती आणि तिथे दवाखाना होता. दुसरा विचारच नव्हता.

पाऊण तासाची वाट त्यांना दोन तास पुरली. वीस पावलं, थांबा. वीस पावलं, थांबा. बांबूने दीक्षाच्या खांद्याचं कातडं गेलं. मग वळणावर अनिल जागच्या जागी थबकला. वाटेच्या मधोमध गवा उभा होता!

काळा, झोळीएवढा लांब, नाकातून वाफ सोडणारा. मागे सरायला जागा नव्हती. झोळी खाली टेकवली तर आवाज होणार होता. गव्याने मान खाली घातली. मान वर केली. दीक्षाने बांबू धरून ठेवला, हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे. एक मिनिट. दोन. गव्याने जमिनीवर पाय आपटला, फुसकारला आणि कारवीत घुसला. कारवी बराच वेळ हलत राहिली.

"याला फुल तिकीट," अनिल कुजबुजला. "चल गो."

करंबपेठ आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. दीक्षाने हाक मारली. उत्तर आलं नाही.

बाजारगल्ली रिकामी होती. सगळी दुकानं बंद. घरांच्या दारांवर काटेरी फांद्या आडव्या लावलेल्या. कुत्रं भुंकलं नाही, कोंबडं आरवलं नाही. एका अंगणात दोरीवर नुसते चिमटे होते. दवाखान्याला कुलूप. दीक्षाने दगड घेतला, खिडकीची काच फोडली आणि आत शिरली. औषधांचं कपाट उघडं होतं. मोकळं. फ्रीजचं दार उघडं, तार काढून गुंडाळून ठेवलेली. एक कुपी नाही!

ती बाहेर आली. मामाला ओसरीवर निजवलं होतं. त्याची छाती वरवर, भराभर हलत होती.

"अगो," अनिल म्हणाला. तो दारावरच्या फांदीकडे बघत होता. "ही गावपळण. चार-पाच वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव तीन दिवस शिवेबाहेर जातो, गुराढोरांसकट. एकदा मी इथे रिकामी गाडी घेऊन आलो होतो. विसरलो बघ, मेला मी."

"जातात कुठे?"

"रानात. कुठच्या बाजूला ते नाय ठाऊक."

शाळेमागे पाण्याची टाकी होती. दीक्षा लोखंडी शिडीने चढली. वरून दिसलं ते नुसतं रान, निळसर, घडीवर घडी. तिने डोळे बारीक केले. गावाखालच्या ओढ्याच्या, पऱ्याच्या पलीकडे, पूर्वेच्या कातळसड्याखालच्या झाडीतून धूर निघत होता. एक, चार, दहा... पन्नास चुली!

ती खाली आली तेव्हा मामाचे ओठ निळे पडले होते. जावं लागणार होतं ते तिलाच. अनिलच्या गुडघ्यांचं काम नव्हतं. तिने मामाची मान मागे केली, नाक चिमटीत धरलं, तोंडावर तोंड ठेवून फुंकलं. छाती वर आली.

"असं, अनिलकाका. पाचापर्यंत मोजायचं आणि फुंकायचं. मी येईपर्यंत थांबायचं नाही."

अनिल प्रमोदच्या डोक्याशी आला.

"याला माझ्या आयशीने कधी घरचा पेला दिला नाय," तो म्हणाला. "वरून ओंजळीत पाणी ओतायची. आणि हा प्यायचा, माझ्यासाठी." मग त्याने पट्टे बांधलेले गुडघे फरशीवर टेकले. "सरक."

दीक्षा धावली. बाजारगल्ली, मग उतार, मग पऱ्या. पाणी कमरेएवढं आणि बर्फासारखं. पाय घसरला, ती दगडावर आपटली, उठली. पलीकडे चढ. झाडी. काटे. धुराचा वास. आणि एकदम माणसांचे आवाज!

झाडाझाडाखाली गाव मांडलेला होता. आंब्याच्या डहाळ्यांच्या खोपी, डालग्याखाली कोंबड्या, फणसाच्या बुंध्याला टेकवलेला फळा आणि समोर पाढे म्हणणारी शाळा. दुकानदाराने तराजू फांदीला टांगला होता. एका खोपीवर पांढऱ्या कापडात लाल फुली होती.

डॉक्टर स्वप्ना तिशीचीही नसेल. तिने दोनच प्रश्न विचारले, पेटीतून विषावरच्या दहा कुप्या काढल्या आणि रस्त्याकडे धावली. रुग्णवाहिका तिथेच, शिवेवरच्या पुलाअलीकडे उभी होती. ड्रायव्हर अजिंक्य चावी घेऊन आला. पण गाडीत बसला नाही. तो गावातला होता. त्याने महिपतकडे बघितलं. महिपत गावकर, गावाचा मानकरी, पिकल्या मिशांचा, विडी ओढत बसलेला.

"गावचा माणूस आत गेला की पळण मोडली," कुणीतरी म्हणालं. "आज तिसरा दिवस. मोडली तर परत पहिल्यापासून."

"माझी रजा उद्या संपते," मुंबईहून आलेला एकजण बोलला.

"चावी द्या, मी जाते," स्वप्ना म्हणाली.

"तुम्हाला चालवता येते?" अजिंक्यने विचारलं.

"नाही."

सगळे दीक्षाकडे बघू लागले. तिला रडता आलं असतं तर बरं झालं असतं. तिचा आवाज सपाट निघाला.

"माझा मामा आहे. त्याला श्वास घेता येत नाही. त्याच्यासाठी दुसरा माणूस घेतोय. तो साठीचा आहे. त्याला दम लागेल."

महिपतने विडी दगडावर चुरडली. तो उठला, गाडीकडे गेला आणि पुढच्या सीटवर चढून बसला.

"काय बघतंस, अजिंक्या? शीव आधी मी ओलांडतो. मग तुझ्या नावाने कोण बोलायचा नाय. देवाला काय सांगायचं ते माझं मी बघीन."

गाडी पुलावरून गेली!

ओसरीवर अनिल होता तसाच होता. चेहरा राखेसारखा, घामाने निथळलेला. चार, पाच, फुंकर. स्वप्नाने त्याला बाजूला घेतलं तेव्हाही त्याचे ओठ मोजतच होते. फुग्याच्या पिशवीने श्वास सुरू झाला, सलाईन लागलं, एकामागून एक कुपी गेली. पाऊण तासाने नाडी सावरली. श्वास अजून पिशवीचाच होता, पण मामाच्या करंगळीने दीक्षाचा हात किंचित दाबला. रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. गाडीत डॉक्टरशिवाय एकालाच जागा होती.

"मी जाणार," अनिल म्हणाला. "याला सोडून उतरायची सवय नाय आपल्याला." त्याचा आवाज फाटला होता.

महिपत आणि दीक्षा चालत पऱ्यापलीकडे आली. फणसाखाली उभं राहून महिपतने सांगितलं, "आज पहिला दिवस."

गाव कण्हला. कुणी म्हणालं, तांदूळ पुरायचा नाय. कुणी म्हणालं, उसने आणू खालच्या वाडीतून. मुंबईवाला फोन घेऊन सड्यावरच्या उंच दगडावर चढला आणि साहेबाला खोकून दाखवू लागला. शाळा तेवढी खूश झाली.

तीन वाजता त्याच दगडावर अजिंक्यचा फोन आला. मामा पोचला होता. दोन-तीन दिवस यंत्रावर ठेवणार, मग उठेल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. "बरं," दीक्षा म्हणाली. तिने भात खाल्ला. कुणीतरी दिलेलं कोरडं लुगडं गुंडाळून ती खोपीशी बसली. गोठ्यातल्या जमिनीवर ते वीस फुटवे एव्हाना सुकले असतील; तेही तिने नुसतं मनात बघितलं.

महिपतची बायको हौसा तिच्याकडे मघापासून बघत होती.

"हात असे अंगापासून लांब का धरलेस गो?"

दीक्षाने खाली बघितलं. ब्लाऊज पुढून भिजला होता. पऱ्याचं पाणी केव्हाच वाळलं होतं.

"पोर केवढं?"

"सात महिन्यांचं."

"आणि पाजलंस कधी?"

दीक्षाने हिशेब केला. काल पहाटे. हौसाने खोपीच्या दाराला गोधडी लावली, चुलीवरचं ऊन पाणी आणलं, त्यात पंचा पिळला आणि दगडासारख्या झालेल्या छातीवर ठेवला.

सगळं अंग एकदम ओरडून उठलं. खांद्याचं सोललेलं कातडं, ठेचाळलेला गुडघा, आणि हे. दीक्षाने हौसाचं मनगट पकडलं.

"दुखतंय."

"दुखणारच. हळूहळू दाब. येऊ दे."

दूध वाटीत पडायला लागलं. आधी थेंब, मग धार. दीक्षा हमसून हमसून रडली, नाक वाहीपर्यंत. हौसा पंचा परत ऊन करत राहिली.

"नाव काय ठेवलंस?"

"सानवी." ते बोलताना तिला पोरीच्या मानेच्या वळीतला आंबूस वास आला, आणि दूध चुकून डोळ्यावर उडालं की करायची ते वाकडं तोंड दिसलं. "रात्री माझं बोट धरून झोपते. नाही मिळालं तर शोधते."

बाहेर जीपचा भोंगा वाजला. उसने तांदूळ आणायला माणसं खाली निघाली होती.

"काळोख पडायच्या आत राजापूर फाट्याला सोडतील," हौसा म्हणाली. "पण दमलीस. रहा आजच्या रात्रीला."

दीक्षा ब्लाऊजची बटणं लावत उठली होती.

"नको. मला जायचंय," ती म्हणाली, आणि लंगडत जीपकडे पळाली.