एक माणूस जास्त

“बाई, पडदा पुढे आहे.”

अंधारातून कुजबुज आली आणि तिच्या खुर्चीशेजारी बॅटरीचा पिवळा गोल येऊन थांबला. ती दचकली. पहिल्या रांगेत ती खुर्चीवर गुडघे टेकून उलटी बसली होती, सहलीच्या बसमध्ये पोरं बसतात तशी! पाठ पडद्याकडे आणि तोंड मागच्या रांगांकडे.

“म... माहीत आहे मला.”

“मग? मागे दुसरा चित्रपट लागलाय का?”

“तुम्हाला काय करायचंय? तिकीट काढलंय मी.”

“ते पुढे बघायचं तिकीट.” आवाजात हसू होतं. “मागे बघायला वेगळं लागतं. पण असू दे, पहिल्या दिवशी सूट.”

पिवळा गोल हलत हलत निघून गेला. ती पुन्हा मागे बघू लागली. पण मोजत आणलेला आकडा ती पार विसरली होती. पुन्हा पहिल्या रांगेपासून सुरुवात!

माणसं का मोजायची, ते आधी सांगायला हवं.

ती एका चित्रपट वितरकाच्या कचेरीत नोकरीला होती. कुठला चित्रपट कुठल्या थिएटरात किती दिवस ठेवायचा, हे ती कचेरी ठरवायची. त्यासाठी चित्रपटांची तुलना करणं हे तिचं काम. दिवसभर रेघा काढते म्हणून सगळे तिला रेघाबाई म्हणत.

तिची पद्धत मोठी छान होती. एका चित्रपटाला एक कागद, आणि तोही पातळ, आरपार दिसणारा. कागदाच्या डाव्या कडेला पहिला दिवस, उजवीकडे पुढचे आठवडे. गर्दी वाढली की रेघ वर, ओसरली की खाली. मग असे दोन-तीन कागद एकावर एक ठेवून ती खिडकीच्या काचेवर चिकटवायची आणि मागून ऊन आलं की सगळ्या रेघा एकदम दिसायच्या. धावण्याच्या शर्यतीत सगळ्यांना एकाच रेषेवर उभं करतात ना, तसंच हे. आजोबांच्या तरुणपणीचा चित्रपट आणि परवा लागलेला चित्रपट एकाच जागेवरून पळायला लागत.

बरं, ती पैसे मोजत नसे. तेव्हाच्या आणि आताच्या तिकिटात जमीन-अस्मानाचा फरक. नुसते पैसे बघितले तर आजचा फुसका बारही कालच्या महाबलाढ्य चित्रपटाला लोळवेल. म्हणून ती बघायची, शंभर खुर्च्यांपैकी किती खुर्च्यांवर माणूस बसला होता.

आणि काचेवर काय काय दिसायचं! नव्या मोठ्या चित्रपटाची रेघ रॉकेटसारखी आभाळात जाई आणि तशीच विझून खाली येई. आता एकाच दिवशी देशभर सगळीकडे तोच चित्रपट लागतो, मग सगळी गर्दी पहिल्या तीन दिवसांतच संपून जाते. “नव्याचे नऊ दिवसही राहिले नाहीत,” साहेब म्हणत, “तीनच उरले.” जुन्या चित्रपटांचं तसं नव्हतं. गावात एकच पडदा. आज जागा मिळाली नाही तर माणसं पुढच्या आठवड्यात येत, बघून गेलेली शेजाऱ्यांना धाडत. त्या रेघा पठारासारख्या लांबच लांब चालत राहत. एवढ्याशा रेघेत लाखो माणसं बसली आहेत, या विचाराने तिच्या अंगावर आजही काटा येई.

आणि गेल्याच आठवड्यात तिला एक रेघ सापडली, जी खालीच येत नव्हती.

चित्रपट छोटासा, एका नावाड्याचा. बाकी सगळीकडून तो दुसऱ्याच आठवड्यात उतरला. फक्त एका जुन्या, एकाच पडद्याच्या थिएटरात तो चालू होता. नुसता चालू नव्हता, रेघ किंचित वर चढत होती!

साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. “रेघाबाई, रेघ पडत नाही म्हणजे एक तर चमत्कार, नाहीतर लबाडी. आणि चमत्कार मी अजून पाहिलेला नाही. शुक्रवारी आपला मोठा चित्रपट येतोय, त्याला ते थिएटर हवंय. तू जा. कोण आहेस ते न सांगता आठवडाभर डोकी मोज. आकडे खरे निघाले तर बघू. खोटे निघाले तर नावाडी खाली, आणि त्या थिएटरला पुढे आपला एकही चित्रपट नाही.”

म्हणून ती उलटी बसली होती.

थिएटर आत्याबाईंचं होतं. जाड भिंगांचा चष्मा लावून त्या स्वतः तिकीटखिडकीत बसत. बॅटरीवाला त्यांचा भाचा. लोकांना जागा दाखवणं, पंखे चालू-बंद करणं, मोडलेल्या खुर्च्या ठोकणं, सगळं त्याच्याकडे. उजेडात तो दिसला तेव्हा तिला जरा आश्चर्यच वाटलं. आवाजावरून वाटला होता आगाऊ, पण चेहरा अगदी साधा, आणि हसला की कान आधी हलायचे.

दुसऱ्या दिवशी मध्यंतरात तो चहाचे दोन कप घेऊन आला.

“कसा वाटतोय चित्रपट?”

“छान आहे.”

“कुठला भाग आवडला?”

तिने चहाचा घोट घेतला. पुन्हा घेतला. “...मध्यंतर.”

तो इतका मोठ्याने हसला की खिडकीतून आत्याबाई ओरडल्या, “अरे गधड्या, गिऱ्हाइकाला हसतोस काय?”

“हसत नाहीये, आत्या! आपल्याला पहिल्यांदाच असं गिऱ्हाईक मिळालंय... रोज येतं आणि चित्रपट बघत नाही!”

“तुला काय त्रास आहे?” ती फणकारली. पण “तुम्ही”चं “तू” कधी झालं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

“त्रास कसला? उद्या येणार आहेस ना?”

“बघू.”

“‘बघू’ म्हणणारी माणसं येतात,” तो म्हणाला. त्याचे कान हलले.

ती आली. रोज आली. आणि रोज संध्याकाळी कचेरीत परतून तिने मोजलेली डोकी आणि आत्याबाईंनी कळवलेली तिकिटं ताडून बघितली. आकडे जवळपास जुळत होते. थिएटर खरंच भरत होतं, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं! पण रोज एक माणूस जास्त भरत होता. तिकिटांपेक्षा एक डोकं जास्त. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आपलंच चुकलं. दुसऱ्या दिवशी तिने दोनदा मोजलं. तिसऱ्या दिवशीही एक जास्त.

म्हणजे कुणीतरी तिकिटाविना बसतंय. शितावरून भाताची परीक्षा! आज एक लपवतात, तर मागे किती लपवले असतील? साहेब हेच म्हणणार. तिने लिहायला पेन उचललं... आणि खाली ठेवलं. त्या थिएटरने खोटं बोलू नये, असं तिला फार वाटत होतं. हे वाटणं थिएटरसाठी होतं की आणखी कुणासाठी, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही.

उद्यावर शुक्रवार आला. त्या दुपारी खेळाआधी ती थेट तिकीटखिडकीपाशी गेली. भाचा तिथेच उभा होता.

“मी वितरकांच्या कचेरीतून आलेय,” ती एका दमात म्हणाली. “मी इथे माणसं मोजत होते.”

आत्याबाईंनी चष्मा काढला. भाच्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं.

“मोजत... होतीस?”

“रोज एक माणूस जास्त भरतो. विनातिकीट कुणाला बसवता? खरं सांगा. मला आज लिहून द्यायचंय. खोटं आढळलं तर उद्या नावाडी उतरेल, आणि पुढे तुम्हाला काहीच मिळणार नाही.”

आत्याबाई ताडकन उभ्या राहिल्या. “पोरी, या खिडकीतून आजवर माझ्या सख्ख्या भावालासुद्धा फुकट सोडलं नाही मी! विचार याला!”

दोघींनी त्याच्याकडे बघितलं. तो बॅटरी चालू-बंद, चालू-बंद करत होता.

“तो... जास्तीचा माणूस...” तो म्हणाला. “तो मी आहे.”

“तू?” आत्याबाई म्हणाल्या. “तू कशाला बसतोस? पाठ आहे तुला तो चित्रपट!”

“मी शेवटच्या रांगेत बसतो. म्हणजे... या आठवड्यातच बसायला लागलो.” त्याचे कान लालबुंद झाले होते. “ही पहिल्याच दिवसापासून सारखी मागे वळून बघायची. मला वाटलं... माझ्याकडे बघते.”

मग आत्याबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि खिडकीची फळी खाडकन ओढून घेतली. फळीमागून त्यांचं दाबलेलं हसू ऐकू येत होतं.

तिला हसावं की पळावं, कळेना. “मी... रांगा मोजत होते,” ती हळूच म्हणाली.

“कळलं आता.” तो ओशाळून हसला. “शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचीस तेव्हा जरा थांबायचीस, एवढंच.”

तिने नजर खाली वळवली. कारण थांबायची, हे खरं होतं.

“लिही काय लिहायचं ते,” तो म्हणाला. “पण त्याआधी एकदा ये. लोक इथे का येतात, ते दाखवतो. डोकी मोजून ते नाही कळणार.”

त्याने तिला बाजूच्या चिंचोळ्या दाराने पडद्यामागे नेलं. तिथे उंचच उंच कर्णे होते, धूळ होती आणि त्यांच्या डोक्यावर आभाळाएवढा पडदा. पडद्याला सुईच्या टोकाएवढी हजारो भोकं असतात, कर्ण्यांचा आवाज त्यांतून बाहेर जावा म्हणून. चित्रपट सुरू झाला आणि सगळं उलटं दिसू लागलं. नदी उजवीकडची डावीकडे, नावाडी डावखुरा.

“अगदी जवळ ये,” तो कुजबुजला. “भोकांतून बघ.”

तिने डोळा पडद्याला लावला आणि श्वासच रोखला.

सगळी माणसं तिच्याकडे बघत होती! चेहरेच चेहरे, नदीच्या उजेडात निळसर झालेले, तोंडं किंचित उघडी. इतकी वर्षं तिने माणसांची रेघ काढली होती, आणि त्या रेघेला चेहरे असतात, हे आज तिला समोर दिसत होतं.

गोष्ट साधी होती. नावाडी रोज एका शिक्षिकेला नदीपलीकडे सोडतो. वर्षानुवर्षं. बोलत कुणीच नाही. मग नदीवर पूल होतो. आता नाव कशाला? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नावाडी नाव बांधून ठेवत असतो. शिक्षिका येते, पुलापाशी क्षणभर थांबते... आणि खाली उतरून मुकाट्याने नावेत बसते. शब्द नाही, संगीत नाही. फक्त वल्ह्याचा आवाज.

“आता बघ,” तो म्हणाला.

वल्हं पाण्यात पडलं आणि समोर नवल घडलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी खूण केली नव्हती. पण रांगारांगांतून माणसांनी पडद्यावरची नजर काढून आपल्या शेजारच्या माणसाकडे बघितलं. म्हाताऱ्याने म्हातारीकडे. मुलीने आईकडे. दोन मित्रांनी एकमेकांकडे बघून पटकन मान फिरवली. वाऱ्याने शेत एका बाजूला झुकावं, तसं अख्खं थिएटर झुकलं.

“रोज असंच होतं,” तो म्हणाला. “बघून गेलेला माणूस पुढच्या वेळी कुणाला तरी घेऊन येतो. या एका क्षणासाठी.”

तिचे डोळे भरून आले. शेजारून तो आपल्याकडे बघतोय, हे तिला न बघताच कळत होतं. वळावंसं फार वाटलं. पण ती पडद्याच्या भोकांतून बघत राहिली.

संध्याकाळी तिने साहेबांपुढे कागद ठेवला.

“एक माणूस जास्त?” साहेबांनी वाचलं. “कारण... ‘थिएटरचाच माणूस, रिकाम्या खुर्चीवर.’ तो का बसला होता?”

आता कान लाल व्हायची पाळी तिची होती.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे. काही न विचारता ते उठले. कपाटातून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला. कचेरीतला सगळ्यात जुना, वर्षभर चाललेल्या चित्रपटाचा. तो त्यांनी काचेवर ठेवला आणि त्यावर नावाड्याचा. मावळतीचं ऊन आरपार आलं.

नावाड्याची रेघ जिथवर पोचली होती, तिथवर रेघ रेघेवर बसली. एक आजोबांच्या काळातली, एक आजची, आणि दोघींच्या मधून केसही जाणार नाही!

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“चमत्कार पाहिला नाही, असं म्हणालो होतो मी,” ते म्हणाले. “संध्याकाळी आणि रात्री मोठा चित्रपट. दुपारचा खेळ नावाड्याचा. रेघ खाली येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.”

शुक्रवारी दुपारी थिएटरबाहेर रॉकेटाएवढं नवं पोस्टर लागलं होतं, संध्याकाळसाठी लोक आत्तापासून उभे होते. त्यांच्यातून वाट काढत ती खिडकीपाशी गेली. आत्याबाईंनी दोन तिकिटं पुढे सरकवली.

“एकच हवंय, आत्या.”

“दुसरं त्या गधड्याचं. त्याने पैसे भरलेत. आता फुकट बसलेलं चालत नाही म्हणे!”

ती मधल्या रांगेत बसली, पहिल्यांदाच सरळ. दिवे मालवल्यावर शेजारची खुर्ची करकरली. बॅटरी विझली. नदी आली, पूल झाला, शिक्षिका पुलापाशी थांबली... आणि खाली उतरली.

वल्हं पाण्यात पडलं.

ती वळली. तो आधीच वळलेला होता.

“बाई,” तो अगदी हळू म्हणाला, “पडदा पुढे आहे.”

“माहीत आहे,” ती म्हणाली, आणि त्याच्याकडेच बघत राहिली.