वेंडेलच्या टाकीतली मासोळी

बसा रे, पण टॉर्च विझवा. डास मलाही चावतात, म्हणून कोणी मरत नाही. आणि जावईबापू, माझ्या पाठीमागे बसू नका. मागच्या वेळी माझ्या कॉलरमध्ये बेडूक सोडणारे तुम्हीच, आणि तो बेडूक तुम्हाला विकणारा मीच.

ही गोष्ट वेंडेल पोटीटची. खोटी निघाली तर माझ्या आमिषाच्या दुकानातल्या सगळ्या अळ्या मी स्वतः खाईन. रबरीसुद्धा.

सहा वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, दुसरा शुक्रवार. चंद्र नव्हता. संध्याकाळी सातला वेंडेल माझ्याकडे बर्फ न्यायला आला. या उकाड्याच्या दिवसांत होडीतल्या टाकीचं पाणी तापतं, धरलेला बास मासा मरतो, आणि मेल्या माशाचं वजन क्लब कापतो, म्हणून बर्फ. त्या रात्री क्लबची बास धरायची स्पर्धा होती.

"यंदा तरी काही लागेल का?" मी विचारलं.

"बर्फ दे."

"गेल्या वर्षी काय धरलंस? कासव ना?"

"बर्फ दे म्हटलं ना तुला."

वैतागला होता बिचारा. चार वर्षं झाली, स्पर्धेत त्याच्या गळाला धड मासा नाही. माझ्या दुकानात भिंतीवर ती लाकडी पाटी आहे ना, दर वर्षी जिंकणाऱ्याचं नाव कोरलेली? तिच्यावर वेंडेलचं एकच नाव, आणि तेही म्हाताऱ्या होयटचं खरवडून वर कोरलेलं. स्वतःच्या जोरावर एकदा तरी नाव लागावं, एवढंच त्याला हवं होतं.

होयट एरवी जिवंत मासोळी गळाला लावून बास धरायचा, हे अख्खं तळं जाणतं. पण स्पर्धेत जिवंत आमिष चालत नाही. लाकडी मासे नि रबरी अळ्या, बस्स. आणि स्पर्धेत होयट नियमाला धरून असायचा. ते नाव खरवडलं, त्या वर्षी तोच जिंकला होता. वेंडेलने त्याच्या टाकीचं झाकण उघडलं, तर बासशेजारी एक जिवंत मासोळी पोहत होती.

"बासने ओकलीय ती," होयट म्हणाला.

धरलेला बास टाकीत ओकतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. वेंडेललाही होतं. पण दुसरा नंबर त्याचा होता.

"जिवंत ओकली?" तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, मला हसायला कारण लागत नाही. एकटा होयट हसला नाही. टाकीत जिवंत आमिष, की नाव बाद. वेंडेलनेच लावून धरलं. पुढच्या वसंतात होयट गेला.

तर त्या शुक्रवारी होड्या सुटण्याआधी तपासणी माझ्याकडे होती. वेंडेलच्या टाकीत मी टॉर्च मारला, कोपरापर्यंत हात घातला. पाणी नि बर्फ. दुसरं काही नाही.

पुढचं वेंडेलने मला सांगितलेलं.

दहापर्यंत हूं की चूं नाही. काळी अळी टाकली, ती बुडालेल्या खोडात अडकली. दुसरी टाकली, तीही तिथंच. लाकडी मासा काढला तर दोरीचा गुंता. तासभर शिव्या देत तोच सोडवत बसला. बाराला एक लागला, होडीपर्यंत आला, वेंडेलकडे बघितलं आणि सुटला. बघितलं, असं वेंडेल शपथेवर सांगतो.

एक वाजता, निव्वळ रागाच्या भरात, तो होयटच्या घरापुढच्या धक्क्याकडे वळला. तिथं कोणी जात नसे. घराला कुलूप. दिवा नाही.

त्याने धक्क्याखाली अळी टाकली. थांबला.

डावीकडे... टुबुक.

कोणीतरी गळ टाकला होता.

"कोण आहे?"

...

टुबुक. जरा जवळ.

त्याने टॉर्च मारला. धक्क्यावर खुर्ची. रिकामी. खाली फळीवर पाणी ठिबकत होतं. ऑगस्टात, थेंबभर पाऊस नसताना.

"होयट?"

...

"होयट, हे बघ, मी..."

दोरी ताणली. काठी वाकली. मासा. नऊ पौंडांचा, थोराड. त्याने तो टाकीत घातला, झाकण लावलं. आणि मागून कोणीतरी हसलं. हळू. बरीच वर्षं न हसलेला माणूस हसेल, तसं.

पहाटे पाचला वजनकाट्यापाशी सगळे जमले. त्याच्या माशाच्या जवळपास कोणाचा नव्हता. मी झाकण उघडलं.

बास होता. जिवंत.

शेजारी मासोळी. चंदेरी. एक खवला उडालेला नाही. पोहत होती.

वेंडेलने माझ्याकडे पाहिलं. "तू हात घालून बघितलं होतंस."

"होतं."

"मग सांग की यांना."

मी सांगितलं. आत काही नव्हतं म्हटलं, बासने ओकली म्हटलं. मागून कोणीतरी म्हणालं, "जिवंत?" आणि सगळे हसले.

या खेपेला मी नाही हसलो. वेंडेल चाकू घेऊन दुकानात आला, पाटीवरचं स्वतःचं नाव खरवडलं आणि होयटचं कोरलं. त्या शुक्रवारच्या स्पर्धेची जागा अजून कोरी आहे, उद्या बघा.

मासोळी मी दुकानात विकायच्या मासोळ्यांच्या टाकीत सोडली. एवढी वर्षं कुठली मासोळी जगते? जाळी घातली की सगळ्या येतात, ती येत नाही.

जावईबापू, आज दुपारी ती टाकी तुम्हीच उपसून घासलीत ना? थेंब ठेवला नाही म्हणालात. संध्याकाळी मी नुसता नळ सोडला. मासे उद्या यायचेत.

जा, टॉर्च घ्या. मोजून या.

...

काय हो, इतक्या लवकर? किती?

...

बसा. पाठीमागे बसलात तरी चालेल.