तिसरा पुकारा

कोर्टातल्या पट्टेवाल्याचं काम ते काय? बोर्डावरचं नाव वाचायचं आणि व्हरांड्यात उभं राहून तीनदा ओरडायचं. नवनाथनं बारा वर्षं तेच केलं होतं. डोकं वापरायची वेळच कधी आली नव्हती, आणि तिथंच घात झाला.

त्या दुपारी भाविकाच्या ताब्याचा निकाल होता. पोर सहा वर्षांची. बाप साजगावच्या एका कारखान्यात, रोजचा पिणारा. पोर मला द्या म्हणून त्यानंच दावा लावलेला. आई ललिता माहेरी भिसेगावला राहायची. राहायची म्हणजे... आठ दिवसांपूर्वी काविळीनं गेली बिचारी. नवनाथ तिच्याच आळीतला, त्यानं खांदासुद्धा दिला होता. कोर्टाला मात्र अजून कुणी कळवलं नव्हतं. आज तिची आई बायजा तेच सांगायला आली होती, नात माझ्याकडंच राहू द्या म्हणून हात जोडायला.

न्यायाधीश मॅडमनी आधी पोरीला एकटीला चेंबरमध्ये बोलावलं. दार लागलं. लाइट गेलेली, व्हरांड्यातही अंधारून आलेलं. थोड्या वेळानं आतून हुकूम आला, "आईला पुकारा."

नवनाथनं सवयीनं पुकारलं. "ललिता स्वप्नील ठोंबरे... हजर आहेत काऽऽ?" एकदा, दोनदा, तीनदा.

आणि मग त्याचं त्यालाच कळलं, आपण काय करून बसलो ते.

"मुडद्या!" बायजा कुजबुजली. "गेलेल्या मान्साला तीन हाका मारल्यास? अजून दहावं पन नाय झालं रं तिचं..."

"बोर्डावर नाव व्हतं, मावशी..."

व्हरांड्यात ओल्या लाकडांच्या धुराचा वास आला. दोघांच्या मधून काहीतरी गार सरकत गेलं. चेंबरचं दार उघडलं आणि हळूच पुन्हा लागलं. बायजानं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

नवनाथनं आत जाऊन सांगायला हवं होतं, पण पाय काही हलेनात. आतून मॅडमचा आवाज येत होता... शांत, एखाद्या बाईची समजूत काढावी तसा. "बसा ना... रडू नका... हो, पोर आईविना कशी राहील?"

मग तो आवाज थांबला. शेवटी देवाचं नाव घेऊन त्यानं दार ढकललं. मॅडम एकट्याच लिहीत बसल्या होत्या.

"मॅडम... ललिता ठोंबरे वारली. आठ दिवस झाले. मी स्वतः होतो स्मशानात."

पेन थांबलं. "काहीतरीच काय! आत्ता इथं समोर बसली होती. मी ताबा दिला तिला. मागच्या दारानं गेल्या दोघी... पोर किती खूश होती, नवनाथ."

त्यानं मागच्या दाराकडं पाहिलं. दाराला आतून कडी होती, कडीला कुलूप, आणि किल्ली सकाळपासून त्याच्याच खिशात.

बाहेरून बायजा हाक मारत होती, "नवनाथ, माझी नात दे रं बाहेर... लई येळ झाला."