कोटवाल्याची पावलं

डोळे मिटा बघू. अगदी घट्ट. एक डोळा किलकिला ठेवलाय तो कोण? तोही मिटा.

आता समजा, तुम्ही सिनेमाच्या थिएटरात बसला आहात. पडदा काळाकुट्ट. कुणी खोकत नाही, कुणी कागद चुरगाळत नाही. आणि लांबून, दगडी रस्त्यावरून, बुटांचा आवाज येतो... टक... सर्र-टक. टक... सर्र-टक. उजवं पाऊल ठाम पडतं, डावं जरासं घासत येतं. माणूस अजून दिसलेलाही नाही, तरी शिट्ट्यांनी थिएटर दणाणून जातं. कोटवाला आला! लांब काळा कोट घालणारा, कुणाच्या हाती न लागणारा हेर. त्याचे तीन सिनेमे येऊन गेले होते आणि चौथ्यासाठी माणसं वेडीपिशी झाली होती.

उघडा डोळे. आता एक गुपित ऐका. ती पावलं त्या नटाची नव्हतीच! शूटिंगच्या वेळी इतका गोंगाट असतो की पावलांचा, दारांचा, कपड्यांच्या सळसळीचा आवाज नीट मिळतच नाही. मग एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत बघत, कुणीतरी ते आवाज नव्यानं करतं. गाजर मोडलं की हाड मोडतं, हातमोजे फडफडवले की कबुतर उडतं. आणि कोटवाला चालतो तेव्हा दहा नंबरच्या पुरुषी बुटांत चिंध्या कोंबून एक वेणीवाली, सडपातळ मुलगी चालत असते.

तिचा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित आखूड होता. शाळेत पोरं तिच्यामागून रांग करून, पाय ओढत चालायची. तेव्हापासून ती जाड रबरी तळव्याची चप्पल घालायची, कुणाला ऐकू येऊ नये म्हणून. आई तिला लाडानं ‘मांजर’ म्हणायची. स्टुडिओतही तेच नाव पडलं. पहिल्या भागाच्या वेळी नेहमीचा माणूस तापानं आडवा झाला, म्हणून मांजरीला बूट घालायला लावले. ते ऐकून दिग्दर्शक उठूनच उभा राहिला. "हाच तो माणूस!" म्हणाला. पुढं नटानं तिची चाल ऐकून ऐकून उचलली. हे ठाऊक होतं चार-पाच जणांना. बाहेर अवाक्षर काढायचं नाही, अशी सगळ्यांनी लेखी हमी दिली होती.

चौथ्या भागात कोटवाला शत्रूचा चष्मा बुटाखाली चिरडतो, असा प्रसंग होता. म्हणून भुरभुर पावसाच्या एका दुपारी मांजर स्टुडिओमागच्या गल्लीत चष्म्याच्या दुकानात शिरली. काउंटरमागे एक तरुण भिंग पुसत होता.

"या. डोळे तपासायचेत?"

"नाही. चष्मे हवेत. आठ-दहा."

"आठ-दहा! नंबर काय?"

"कुठलाही चालेल."

"अहो, घालणार कोण?"

"घालायचे नाहीत," ती म्हणाली. "फोडायचेत."

त्याचा हात थांबला. त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. वेणीच्या टोकाला पावसाचे थेंब होते आणि चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

"कुणावर एवढा राग?"

"राग नाही हो. काम आहे माझं."

"असलं काम कुठं मिळतं? मीही अर्ज करतो."

"सांगता येत नाही..."

"बरं, नका सांगू. फोडणार कसे, तेवढं तरी सांगा. त्यावर फ्रेम ठरेल."

मांजर चकित झाली. इतका शहाणा प्रश्न तिला आजवर कुठल्या दुकानदारानं विचारला नव्हता. "पायाखाली," ती हळूच म्हणाली. "आणि भिंग काचेचंच हवं. प्लास्टिक नुसतं कच् करतं."

त्यानं जुन्या चष्म्यांचं खोकं ओढलं, एक फरशीवर ठेवला आणि वर बूट ठेवून दाबला. कर्रच्च!

डोळे मिटून ऐकत ती म्हणाली, "हा फार आनंदी आहे."

"आनंदी?"

"मला दुःखी हवा."

"आमच्याकडे सगळ्या प्रकारचे मिळतात," तो गंभीरपणे म्हणाला आणि दुसरा काढला. एकेक करत दोघांनी पाच चष्मे फोडले. पाचव्याचा आवाज इतका उदास निघाला की दोघांनी एकमेकांकडे बघितलं... आणि मग एकदमच हसली.

"मामा! दुकान मोडतोयस की काय?"

आतल्या खोलीतून एक नऊ वर्षांची मुलगी कमरेवर हात ठेवून आली. ही चष्मेवाल्याची भाची. कोटवाला मित्रमंडळाची संस्थापक आणि अध्यक्ष, त्यामुळे घरीदारी सगळे तिला ‘अध्यक्षबाई’च म्हणत. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारायची, पुढच्या भागात तुम्हाला काय हवं?

"गोळीबार कमी करा म्हणावं," बाकावर चष्म्याची वाट बघत बसलेले आजोबा म्हणाले. "मध्येच डोळा लागतो माझा, दचकून जाग येते."

"आजोबा, तुम्ही घरी झोपा. ताई, माझ्या मागण्या ऐका. गाणं नको. जीव मुठीत घेऊन पळताना कुणी गातं का? त्याला टेलिफोनवरून निरोप देणाऱ्या म्हाताऱ्या बाई मरायला नकोत. आणि नट बदलणार आहेत म्हणे! बदला. पण कोटवाला तोच पाहिजे."

"नट बदलला तर कोटवाला तोच कसा राहील गं?" मांजरीनं विचारलं.

"ते त्यांनी बघावं. आम्ही तिकीट काढतो ना?"

"माझी एकच मागणी आहे," चष्मेवाला म्हणाला. "त्याच्या डाव्या पायाचं रहस्य सांगा. मला विचाराल तर गोळी आहे. गुडघ्याच्या खाली, आतल्या बाजूला. कुठल्या तरी जुन्या लढाईतली."

"इतकी खात्री?"

"शंभर टक्के! तो आवाज मी कितीदा ऐकलाय. एवढ्या ऐटीत पाय घासायला माणूस लढाईतूनच आलेला हवा."

मांजरीनं ओठ दाबून धरले. हसू आवरेना आणि सांगताही येईना!

त्यानंतर तिला वरचेवर चष्मे लागू लागले. जाड भिंगाचे, बारीक काडीचे, कधी नुसतीच डबी मिटण्याचा आवाज. दुकानाच्या पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत असला की ती सांगायची, "हा खरा पाऊस पडद्यावर खोटा वाटतो, बरं का." तो म्हणायचा, "माझंही तसंच आहे. खरं बोललो की लोकांना थाप वाटते."

"उदाहरणार्थ?"

"उदाहरणार्थ... तुम्ही आला नाहीत की दुकान लवकर बंद करावंसं वाटतं."

"थाप!"

"बघा, म्हटलं नव्हतं?"

एकदा त्यानं हट्टानं तिचे डोळे तपासले. अंधारी खोली, हातातला इवलासा दिवा, आणि त्याचा चेहरा वीतभर अंतरावर. "माझ्या कानाकडे बघा," तो म्हणाला. तपासताना असंच सांगतात, म्हणजे नजर स्थिर राहते. ती त्याच्या कानाकडे बघत राहिली. तो कान हळूहळू लाल होत गेला.

"नंबर आहे का?" तिनं विचारलं.

"अं? ...विसरलो. पुन्हा बघावं लागेल."

त्याच आठवड्यात स्टुडिओत नवे दिग्दर्शक आले. तरतरीत, घाईचे गृहस्थ. "नवा नट, नवी चाल," ते म्हणाले. "ते पाय घासणं काढून टाका. सरळ, साफ पावलं हवीत. जमेल?"

सरळ चाल मांजरीच्या पायांत नव्हतीच. म्हणजे बूट दुसऱ्या कुणाला द्यायचे. कोटवाला तिच्या हातून जायचा. भांडावं तर स्वतःच्या पायाबद्दल बोलावं लागणार, आणि ते तर तिनं जन्मात केलं नव्हतं. ती "बघते" म्हणाली आणि छत्री विसरून बाहेर पडली.

पावलं आपोआप गल्लीत वळली. आणि दुकानासमोर ती जागच्या जागी थिजली.

फुटपाथवर सात-आठ पोरांची रांग होती. सगळ्यात पुढं अध्यक्षबाई. आणि सगळी पोरं डावा पाय घासत, ओढत चालली होती. दारात उभा राहून चष्मेवाला टाळ्या वाजवत होता.

मांजर गर्रकन वळली.

"अहो, थांबा! भिजताय तुम्ही!" तो धावत आला.

"छान शिकवलंत मुलांना," ती म्हणाली. "चालू द्या. मला सवय आहे."

"काय शिकवलं? ...काय झालं हो?"

तेवढ्यात अध्यक्षबाई एका रडवेल्या पोराचा दंड धरून आल्या. "ताई, तुम्हीच सांगा याला! डावा पाय नीट घासतच नाही. ही चाल ज्याला येत नाही त्याला आम्ही मंडळात घेत नाही."

"कुणाची चाल?" मांजरीनं विचारलं.

"अहो, कोटवाल्याची! अजून कुणाची?"

मांजर तिथंच पायरीवर बसली. रांगेतली पोरं तिच्याकडे टकामका बघत होती. एकाच्याही तोंडावर ते जुनं हसू नव्हतं. ती चाल जमावी म्हणून ते पोर रडकुंडीला आलं होतं! तिनं पदरानं... छे, ओढणीनं डोळे टिपले आणि पोराला जवळ ओढलं.

"पाऊल आधी घासत येऊ दे. घाई नको. मग टाच आपसूक टेकेल. अस्सं..."

सर्र-टक.

"जमलं!" पोरगं ओरडलं. "तुम्हाला कसं येतं?"

"येतं मला," ती म्हणाली. आणि मान वर करून उठली.

दुसऱ्या दिवशी ती दिग्दर्शकांसमोर उभी राहिली. "साहेब, चेहरा बदलला तरी हा तोच, हे लोक कशावरून ओळखणार?"

"लोक पावलं ऐकत नाहीत, बाई."

"बाहेरचा प्रेक्षक आणते. दोन्ही चाली ऐकवा. पडद्यावर काही दाखवू नका."

"तुमच्या नात्यातला नको हं."

"नात्यातला नाही," ती म्हणाली आणि खाली बघत पुटपुटली, "...अजून तरी." म्हातारे रेकॉर्डिस्टकाका उगाचच खोकले.

असे मामा-भाची स्टुडिओत आले. काचेपलीकडच्या खोलीत पडदा ओढलेला, मागे कोण आहे ते दिसत नव्हतं. आधी दुसऱ्या कलाकाराची पावलं आली. टक, टक, टक, टक. स्वच्छ, सरळ.

"कसं वाटलं?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"छान आहे," अध्यक्षबाई आदबीनं म्हणाल्या. "हा कोण माणूस?"

मग जरा शांतता. आणि... टक... सर्र-टक.

अध्यक्षबाई उभ्याच राहिल्या. अंगावर काटा, मुठी आवळलेल्या. "आला!" एवढंच त्या कुजबुजल्या.

दिग्दर्शकांनी खुर्चीत सावरून बसत विचारलं, "नट नवा असला तरी चालेल?"

"कोणीही आणा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हा असला की झालं."

दिग्दर्शक बराच वेळ बोटांनी टेबल वाजवत राहिले. मग काकांना म्हणाले, "राहू दे. हीच ठेवा." आणि जाता जाता पडद्याकडे बघून त्यांनी मान तुकवली.

"बाहेर बोलायचं नाही हं," असं मामा-भाचीला बजावून काकांनी पडदा सरकवला. दगडी लादीवर मांजर उभी होती. वेणी, ओढणी आणि ते प्रचंड काळे बूट.

चष्मेवाल्याचं तोंड उघडं ते उघडंच. तो आत आला. पायांकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा पायांकडे.

"कुठं गोळी लागलीय म्हणत होतात?" तिनं विचारलं.

"गुडघ्याच्या खाली... आतल्या बाजूला..."

"जन्मापासून असाच आहे तो पाय."

"तुमची चाल मला पहिल्याच दिवशी दिसली होती," तो म्हणाला. "ऐकू कधीच आली नाही. ती रबरी चप्पल..." तो एक पाऊल पुढं आला. "मी... म्हणजे बघा, इतकी वर्षं ज्याच्या पावलांवर जीव टाकला ती तुमची निघाली. आणि गेल्या महिन्याभरात ज्यांच्यावर जीव जडला त्याही तुम्हीच. एकाच माणसानं माझं किती नुकसान करावं?"

"थाप!"

"खरं बोललो की असंच होतं."

"मग पुन्हा बोला," ती म्हणाली. "या वेळी माझ्या कानाकडे बघून."

तो वाकला आणि तिच्या कानात काहीतरी म्हणाला. काय, ते काकांनाही ऐकू आलं नाही. ती मात्र ताठ उभी होती, दोन्ही पायांवर, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की त्या खोलीतला दिवा फिका पडावा. "हो," ती म्हणाली. चांगलं मोठ्यानं म्हणाली.

मग ती बुटांतून पाय काढून अध्यक्षबाईंकडे वळली. "ये. चालून बघ या लादीवर."

"कोटवाल्यासारखं?" अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं.

"त्याची चाल मी सांभाळते. तू तुझी चाल."

अध्यक्षबाईंनी क्षणभर त्या मोठ्या बुटांकडे बघितलं. वळसा घालून त्या लादीवर चढल्या, माइकसमोर उभ्या राहिल्या, सँडलचा पट्टा घट्ट केला. आणि निघाल्या. चट चट चट, एक उडी, पुन्हा चट चट चट, टोकाला पोचल्यावर गिरकी. काकांनी माइक बंद केलेला नव्हता. काकांच्या हेडफोनमधून आपलीच पावलं ऐकायला मिळाली, तेव्हा अध्यक्षबाईंनी ती डोळे मिटून दोनदा ऐकली, आणि मग काकांना विचारलं, "या चालीला कसला सिनेमा लागेल?"