मॅडमचा आवाज

पाचगणीच्या एस.टी. स्टँडवर धुकं उतरलं होतं आणि संयोगिता फोनवर धडधडीत खोटं बोलत होती.

“आबा, मॅडम सुट्टीच देत नाहीत हो! मी तरी काय करू?”

कसल्या मॅडम नि कसलं काय! निवासी शाळेत ती मराठी शिकवायची हे खरं, पण ही खाष्ट मॅडम तिनंच मनातनं घडवली होती. विट्याला घरी तिला बघायला पाहुणे येणार म्हटलं, की मॅडम आडव्या यायच्या. स्थळं सगळी गलाईवाल्यांची. सोनं गाळायच्या दुकानापायी कुणी सेलमला, कुणी कोइमतूरला. तिच्या आईचं उभं आयुष्य तसल्याच दुकानावरच्या खोलीत गेलं, शेजारणीची भाषासुद्धा न कळता. संयोगिताला ते नको होतं. कादंबरीतल्या नायिका थापा मारून सुटतात, मग हिनं काय घोडं मारलंय?

“मॅडम हायत का जवळ? दे त्यांच्याकडं,” आबा म्हणाले.

तिनं घाईघाईनं इकडंतिकडं बघितलं. शेजारी स्ट्रॉबेरीच्या रोपांचे क्रेट घेऊन बसलेला एक तरुण मिशीतल्या मिशीत हसत होता. त्यानं हळूच फोन काढून घेतला आणि—

“नमस्कार. परीक्षा तोंडावर आल्यात. सुट्टी मिळायची नाही.”

चक्क बाईचा आवाज! करारी, वर गोड. फोन ठेवल्यावर ती बघतच राहिली.

“तुम्ही...?”

“मल्हार. आटपाडीकडचा. हितं रोपवाटिका चालवतो. गावच्या जत्रंतल्या नाटकात बाईचं काम माझ्याकडंच. मिशी तेवढी काढावी लागती.”

“मग आज?”

“आज तुमचं डोळं भरल्यालं बघितलं... मिशीसकट बाई झालो!”

आता मॅडमशी बोलायला आबांचा फोन दर रविवारी यायचा. म्हणून दर रविवारी संयोगिता मल्हारच्या रोपवाटिकेत. मॅडम आबांना सांगायच्या, “तुमची मुलगी लाखात एक आहे. ती हसली ना, की दिवस चांगला जातो.” बोलताना मल्हार तिच्याकडं बघायचा नाही. फोन ठेवला की मुका! फार तर, “धुकं वाढलंय... सांभाळून जावा.” तिला वाटायचं, हेच एकदा त्याच्या स्वतःच्या आवाजात ऐकायला मिळावं... एकदाच! सोमवारपासनं जीव पुढच्या रविवारकडं लागायचा.

तिकडं आबांचा मॅडमवर असा विश्वास बसला, की विचारू नका. एका रविवारी ते म्हणाले, “मॅडम, कोइमतूरचं स्थळ आलंय. पोरगी आमचं ऐकंना. तुमी नको म्हणा, आत्ता नकार कळवतो. तुमी व्हय म्हणा, सुपारी फोडतो.”

संयोगिता हातानं खुणावत होती, नको म्हण! मल्हारनं पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ बघितलं. मग त्याच्या खऱ्या, घोगऱ्या आवाजात—

“आवं काका, मी मॅडम न्हाई. मल्हार म्हणत्यात मला. आमी मूळचं मेंढरंवाले. तिच्यापायी खोटं बोललो, चुकलं. पर आता नको म्हणलो, तर ते माझ्या फायद्याचं खोटं हुईल. माझा जीव हाय तिच्यावर... लय.”

फोन कट.

“एका शब्दात सुटले असते मी!” ती त्याच्यावर ओरडली.

“व्हय. आन् मी जन्मभर बाईच्या आवाजात बोलत बसलो असतो.”

ती रडली, आणि त्याच्याच खांद्यावर रडली. ज्या आवाजासाठी झुरत होती तो आला, पण कसल्या वेळी!

सकाळी आबांना कळवून ती विट्याला निघाली, तर तो स्टँडवर आला. “मी येतो संगट.”

“नको. इतके दिवस माझ्यासाठी तू बोललास. आता मला बोलू दे.”

खिडकीतनं धरलेला हात गाडी हलली तरी सुटेना. घाट उतरेपर्यंत ती मागं बघत राहिली.

विट्याच्या स्टँडवर आबा उभे होते, कपाळावर आठ्यांचं जाळं घेऊन.

“खरं हाय ते?”

“खरं, आबा. मॅडम खोट्या, तो खरा. मला तोच पाहिजे. तुम्ही नाही म्हणालात तर पळून जाणार नाही... पण दुसऱ्या कुणाची होणार नाही.”

आबांनी तिची पिशवी आपल्या हातात घेतली.

“अजून व्हय म्हटलं न्हाई मी,” ते खाकरले. “पर फायदा समोर असताना खरं बोलणारा माणूस रोज गावत न्हाई. लाव त्याला फोन. म्हणावं, मागणी घालायची आसंल तर बाप्याच्या आवाजात घाल.”