मागं कुणी राहायचं न्हाई

आत नको गं अमृता, हितं पडवीतच बस. लाईट गेलीय, पण कंदील हाय. चहा गार व्हायच्या आत पी. तुला उद्या विसापूरच्या ट्रेकला शेवटी चालायचंय, आणि मी न्हाई म्हणते म्हणून तोंड फुगवून बसलीस. तुमी तळेगावच्या पोरी, तुमाला वाटतं शालन मावशी भाव खाते. व्हय, खाते. पण आधी ऐक, मग खुशाल रुसून बस.

गेल्या भादव्यातली गोष्ट, ह्याच विसापूरची. रविवार व्हता. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीतली मंडळी आलती, नवे कोरे बूट घालून. निम्मा दीस त्यांचा फोटोतच गेला. पुढं मी आणि शेवटी माझी पायल, नेहमीसारखं. पायल कॉलेजात जायला लागल्यापासून दर रविवारी ती माझ्या ट्रेकला शेवटी चालायची.

शेवटच्या माणसाचं काम सोपं वाटतं, पण तसं नसतं बाई. त्यानं कुणाच्याच पुढं जायचं न्हाई. कुणी फोटोला थांबलं, कुणी बूट बांधायला बसलं, तर आपण उभं राहायचं, 'व्हा पुढं' म्हणायचं, आणि तो माणूस पुढं गेला की मगच पाय उचलायचा. मागं कुणी राहायचं न्हाई. हे मी पोरीला भाकरीबरोबर भरवलंय. कुठली अवदसा आठवली व्हती कोण जाणे.

वर पोचलो तोवर सगळं ठीक व्हतं. पठारावर डबे खाल्ले, आणि परत फिरलो तसं धुकं उतरलं. वारा पडला. ओल्या गवताचा आणि शेवाळाचा वास नाकात बसला, आणि माझ्या मागचाच माणूस दिसेना. अशा वेळी आमी शिट्टीवर चालतो. मी पुढून मारायची, पायलनं शेवटून उत्तर द्यायचं. उत्तर आलं म्हणजे शेपूट जागेवर हाय.

उत्तर येत व्हतं. जरा लांबून, पण दरवेळी. पायऱ्यांच्या वाटेवर ओढ्यासारखं पाणी वाहत व्हतं, त्यातनं एकेकाचा हात धरून उतरवला. मनात म्हणलं, पोरगी गुणाची हाय, न चुकता वाजवतीय.

खाली पायथ्याच्या पाटण गावात टपरीपाशी सगळे गोळा झाले. पायल न्हाई. शौनक नावाचा उंच पोरगा सगळ्यात मागं व्हता, त्याला विचारलं.

"मावशी, वरच्या पाण्याच्या टाक्यापर्यंत ती माझ्या मागेच होती. मग कुणासाठी तरी थांबली."

"कुणासाठी? तुमी तर सगळे हितं हाय की!"

मी वर तोंड करून शिट्टी मारली. धुक्यातनं लगेच उत्तर आलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. परत मारली. परत आलं, पण तितूनच. जरा थांबून पुन्हा मारली. आवाज काही खाली सरकंना. तशी मी परत वर निघाले.

शौनक सोबत येतो म्हणाला. म्हणलं, बाबा, तू गाडीत बस, तुला परत शोधायला माझ्याकडं दुसरे पाय न्हाईत. फोनला रेंज न्हवती. पायलचे वडील देहूरोडला डेपोत कामावर. एकटीच चढले. पाण्यात दोनदा पडले, गुडघा फुटला. तोंडानं नुसतं पायल, पायल. शिट्टी मारायची हिंमतच झाली न्हाई.

टाक्याच्या कडेला ती उकिडवी बसली व्हती. चिंब भिजलेली, ओठ निळे. माझ्याकडं न बघता म्हणाली,

"आई… ओरडू नको. त्या ताई बूट बांधतायत."

"कोण ताई?"

"त्या काय… मी थांबून 'व्हा पुढं' म्हणलं की खाली बसतात. मी चालायला लागले की मागं येतात. पुढंच होईनात गं."

"आणि शिट्टी? मी मारत व्हते ती?"

"तुझी ऐकू आली. पण मी वाजवलीच न्हाई… गारठ्यानं ओठच जुळंनात."

मी बघितलं. न्हाई बघायला पायजे व्हतं. टाक्यापलीकडं निळा रेनकोट घातलेली बाई वाकून बसली व्हती, पाठ आमच्याकडं. कोपरं हलत व्हती, गाठ मारल्यावाणी, परत परत. वरनं पाऊस कोसळत व्हता. माझ्या टोपीवर ताडताड वाजत व्हता. त्या रेनकोटवर मात्र थेंबाचा आवाज न्हवता.

"ऊठ," मी म्हणलं. "चल."

"मागं कुणी राहिलं तर शेवटच्यानं हलायचं न्हाई. तूच शिकवलंस ना आई?" पोरगी रडायला लागली. "त्या राहतील ना एकट्या…"

माझीच शिकवण. दंडाला धरून उठवलं, पुढं ढकललं आणि म्हणलं, "तू आता शेवटची न्हाईस. शेवटी मी."

उतरताना मागं पाण्यात पाय पडत व्हते. मी थांबले की थांबायचे. जिभेवर सारखं यायचं, व्हा पुढं, व्हा पुढं. इतक्या वर्षांची सवय ती. ओठ दातात धरून उतरले. रक्त आलं, पण तोंड उघडलं न्हाई. पुढं पायल व्हती ना!

गाडीत काही न्हवतं. कामशेत मागं पडलं, आमच्या बेडशाचे दिवे दिसले, तशी माझी छाती जरा मोकळी झाली. आमी बौद्ध माणसं, घरात अंगारा न्हाई, उतारा न्हाई, भूत तर त्याहून न्हाई. म्हणलं, थकव्यानं दिसलं असंल. पोरगी घरी आली, आणखी काय पायजे?

दारात पायल पुढं, मी मागं. ती चपला काढून आत गेली, चुलीकडं. मीही उंबऱ्यापाशी आले, आणि थकलेलं अंग गं… बाजूला झाले, हात पुढं केला आणि सवयीनं म्हणून गेले,

"व्हा पुढं."

कोपराला गार, ओलं काही तरी घासून गेलं.

मी तशीच उभी. हात पुढं केलेला, तोंड उघडं. आणि चुलीपाशी पायल बोलली, पाहुण्यांशी बोलती तशा गोड आवाजात.

"बसा ना ताई. चहा ठेवते."