खडकावर एक हात कमी

"त्या हवामानवालीला समुद्रातलं काडीचंही कळत नाही!"

केसांतलं पाणी निपटत तो तावातावानं बोलला... आणि त्याच्या मागे कुणीतरी छत्री मिटली.

रिमझिम तर चालूच होती. मग छत्री कशाला मिटायची? त्यानं वळून पाहिलं. एका हातात ती छत्री, दुसऱ्या हातात वारा मोजायचं भिंगरीसारखं यंत्र, आणि पापण्यांवर पावसाचे बारीक बारीक थेंब. एक मुलगी त्याच्याकडे बघत उभी होती. तिचे कान लालबुंद झाले होते.

"ती हवामानवाली... मीच," ती म्हणाली. "माझं नेमकं काय चुकलं, सांगाल का?"

त्याचे विद्यार्थी आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडे बघू लागले.

किनाऱ्यावर त्याच्या ताईची सर्फिंगची शाळा होती आणि तिथे तो शिकवायचा. सगळे त्याला 'सर' म्हणत. शिकवणं चालायचं ते टोकापाशी. जमिनीचं एक लांबट टोक तिथे समुद्रात गेलेलं होतं आणि लाटा त्याच्या कडेनं सावकाश, लांबच लांब घरंगळत येत. नवख्यांनी पडावं, हसावं, पुन्हा चढावं असं ते पाणी. पण टोकाच्या पलीकडे खडक होता, पाण्याखाली लपलेला. तिथे लाट येता येता अचानक भिंतीसारखी उभी राहायची, आणि ओहोटीला त्या भिंतीखाली जेमतेम गुडघाभर पाणी असायचं. "सर, एकदा खडकावर करून दाखवा ना," असा विद्यार्थ्यांचा केव्हापासूनचा लकडा होता.

त्या सकाळी बंदरावरच्या भोंग्यातून अंदाज आला होता, "खडकावर लाट डोक्याएवढी, वारा जमिनीकडून, पाणी स्वच्छ." आता सबब उरली नाही. तो गेला. सर्फिंगच्या फळीवर बसून राहिला. एकामागून एक लाटा आल्या, सुरेख, जशा सांगितल्या होत्या अगदी तशा. त्यानं सगळ्या जाऊ दिल्या. हातपाय हलेचनात. परत आल्यावर एका मुलीनं भाबडेपणानं विचारलं, "सर, एकही नाही घेतली?" – आणि त्याची जीभ घसरली.

अजूनही वेळ गेली नव्हती. पण समोर ती, मागे विद्यार्थी...

"लाटा दोन बाजूंनी येत होत्या," तो म्हणाला. "आणि डोक्याएवढ्या कसल्या? चांगल्या हातभर कमी होत्या."

ती खरंच विचारात पडली. "मला इथे येऊन महिनाच झालाय. यंत्रं सांगतात तेवढंच मला कळतं. माफ करा हं... माझ्यामुळे तुमची सकाळ फुकट गेली."

"ठीक आहे," तो म्हणाला. "होतं असं."

होतं असं! खोटं बोलल्याचं त्याला वाईट वाटलंच, पण ज्या मोठेपणानं त्यानं तिला माफ करून टाकलं, ते आठवून रात्री त्यानं उशी तोंडावर दाबून घेतली.

चार दिवसांनी तिनं त्याला बंदरावर गाठलं.

"सर, एक विचारू? रोज सकाळी शिकवणी झाली की वर याल का? पाणी कसं होतं तेवढं सांगायचं. माझी यंत्रं एकीकडे आणि पाण्यात उतरलेला माणूस एकीकडे."

"आणि मला काय मिळणार?"

"चहा."

"नुसता?"

"बरोबर सांगितलंत तर बिस्कीट."

तिची खोली बंदर कचेरीच्या माथ्यावर होती. अरुंद लोखंडी जिना, दाराशी निथळणारा रेनकोट, टेबलावर यंत्राचा पडदा आणि त्यावर सरकणारी हिरवी रेघ. एक खिडकी टोकाकडे, दुसरी खडकाकडे. तो मुद्दाम पहिल्या खिडकीशी बसायचा. ती रेघेकडे बघत विचारायची, तो सांगायचा, मध्येच दोघं भलत्याच गोष्टींवर हसायची. भोंग्यावर बोलण्याआधी ती घसा खाकरायची, केस सारखे करायची.

"भोंग्यातून केस दिसत नाहीत," तो एकदा म्हणाला.

"तुम्हाला दिसतात ना?"

...त्या सकाळी चहा निवून गेला.

एके दिवशी कान लाल करून ती म्हणाली, "तुम्हाला एक गंमत सांगते. खडकाचा आकडा मी हल्ली एक हात कमी करूनच देते."

"का?"

"तुमच्यामुळे." ती हसली. "पहिल्या दिवशी तुम्ही तोंडावर सांगितलंत, तेव्हा राग आला होता. पण नंतर वाटलं, इतकं खरं बोलणारं माणूस मिळायला नशीब लागतं."

त्याच्या घशात बिस्कीट अडकलं. तिनं घाईनं पाणी दिलं, पाठीवर हलकेच थोपटलं. तो हात पाठीवर होता तोवर सांगायला हवं होतं. पण तो हात पाठीवर होता म्हणूनच सांगवेना. आणि मग रोजचंच झालं. ती विचारायची, "खडकावर?" आणि हा लांबूनच पाहिलेल्या लाटेतून एक हात वजा करून सांगायचा. एक खोटं निस्तरायला दुसरं. त्या दिवसांत समुद्र निजल्यासारखाच होता. खडकावर कुणी फिरकत नव्हतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. तो मनाशी म्हणायचा, कुणाचं काय बिघडतंय?

मग दूर कुठेतरी खोल समुद्रात वादळ झालं.

संध्याकाळी भोंगा बोलला, "उद्या सकाळी खडकावर लाट डोक्याएवढी. पोहण्यात तरबेज असणाऱ्यांनीच जावं." ताई अंगणात उडी मारून उठली. कितीतरी दिवसांनी तिच्या मनाजोगती लाट येत होती. "छोट्या, उद्या माझी सकाळ मोकळी हं! शाळा तू सांभाळ," म्हणत ती पाय घसरू नये म्हणून आपल्या फळीला मेण घासू लागली.

तो मात्र जागच्या जागी थिजला. डोक्याएवढी म्हणजे... खरा आकडा डोक्यावरून हातभर. आणि लाट डोक्यावरून गेली की बंदरावर लाल बावटा लावायचा, पाणी बंद, असा तिथला नियम होता. त्याच्या एका हातानं तो बावटा उतरवला होता.

तो बंदरापर्यंत गेला. जिन्याखाली उभा राहिला. वर तिच्या खिडकीत दिवा होता, ती गुणगुणत काहीतरी आवरत होती. तिला सांगायचं म्हणजे तिचं ते 'खरं बोलणारं माणूस'... 'सकाळी सांगू. ताई निघायच्या आत,' असं म्हणून तो माघारी वळला.

सकाळी उठला तेव्हा भिंतीला टेकलेली ताईची फळी जागेवर नव्हती.

तो धावत जिना चढला. ती नुकतीच येऊन यंत्राचा पडदा सुरू करत होती. "आज इतक्या लवकर?" तिचा चेहरा उजळला.

"एक हात वजा करू नका."

"काय?"

"त्या दिवशी तुमचा अंदाज बरोबर होता. अगदी बरोबर. लाटा डोक्याएवढ्याच होत्या, स्वच्छ होत्या. मी... घाबरलो. एकही लाट घेता आली नाही, म्हणून तुमच्यावर ढकललं. त्यानंतर रोज खोटं सांगितलं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग अगदी कोरड्या आवाजात विचारलं, "ताई कुठे आहेत?"

त्यानं खडकाकडच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

ती दुसऱ्या खिडकीकडे धावली. खडकावरचं सगळं पाणी पांढरं झालं होतं. तिनं बावट्याची दोरी खेचली, भोंगा सुरू केला, घसा न खाकरता बोलली. शब्द एकही अडखळला नाही. मग मागे न वळता म्हणाली, "तुम्ही त्यांना आणायला जाणार आहात, की इथेच उभे राहून लाजणार आहात?"

टोकाच्या आडोशानं तो फळीवर पालथा पडून हातांनी पाणी कापत निघाला. भीती तीच होती, अंगात तसूभरही कमी झाली नव्हती. एका लाटेनं त्याला उलटं केलं, दुसरीनं नाकातोंडात पाणी भरलं. खडकाच्या कडेला ताई दिसली – अर्ध्या तुटलेल्या फळीला धरून तरंगत होती, आणि पाण्याची ओढ तिला खडकाकडेच नेत होती.

"छोट्या? तू?" ताई ओरडली. "मरायला आलास का इथे?"

"माझ्या फळीवर चढ!"

"चढते. पण आता माझं ऐकायचं. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. थांब... थांब... आता! मार पाय!"

ताई सांगत गेली, तो पाय मारत गेला. कितीदा वाटलं संपलं. शेवटी टोकाकडच्या एका लाटेनं दोघांना उचललं आणि वाळूवर आणून आपटलं. ताईचा गुडघा खडकानं हाडापर्यंत कापला होता.

विद्यार्थी धावत आले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळेच वाजवू लागले. "सर, काय भारी! खडकावरून आणलंत!" आणि त्यातलाच एक जण म्हणाला, "त्या हवामानवालीनं परत घोळ घातला बघा. आता तिला काढूनच टाकायला हवं."

ती तिथेच होती. औषधांची पेटी घेऊन ताईच्या पायाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. फक्त कान लाल झाले.

"घोळ तिचा नाही," तो म्हणाला. टाळ्या विरल्या. "घोळ माझा आहे. त्या दिवशी खडकावर मी घाबरलो होतो आणि तिला खोटं सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवून तिनं आकडा कमी केला. हे मला काल संध्याकाळीच सांगता आलं असतं. मी जिन्याखालून परत आलो."

एक विद्यार्थी उगाचच आपली फळी पुसू लागला. ताईनं दात आवळून पट्टी बांधून घेतली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "घाबरलास, त्यात काय? मीही घाबरते. पण काल संध्याकाळी तू माझ्यासमोर बसून जेवलास रे, छोट्या."

याहून थोबाडीत परवडली असती.

पुढचे दिवस कसे गेले, ते तो कुणाला सांगत नाही. काही विद्यार्थी यायचे बंद झाले. ताई घरात कामापुरतं बोलायची, तेही भिंतीकडे बघून. तिचे टाके निघाले तेव्हा कुठे ती म्हणाली, "किती दिवस तोंड लपवणार आहेस? माझी माफी मागून झाली. तिची मागितलीस का?"

भोंगा रोज बोलत होता. आवाज पहिल्यापेक्षा ठाम झाला होता. लोक म्हणत, ही सांगते ते तंतोतंत उतरतं. ते ऐकून त्याला आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाचीही लाज वाटायची.

अखेर एका ढगाळ दुपारी तो जिना चढला. दारातच उभा राहिला.

"माफी मागायला आलोय."

"किनाऱ्यावर मागितलीत की, सगळ्यांसमोर."

"ती लोकांसमोरची होती. ही तुमची."

तिनं पडद्यावरून नजर काढली. "मला राग कशाचा आलाय, माहीत आहे? तुम्ही घाबरलात त्याचा नाही. खोटं बोललात त्याचाही एक वेळ नाही. मी स्वतःवरच शंका घेत होते, सर. रात्र रात्र आकडे तपासत होते, माझं काय चुकतं म्हणून. आणि तुम्ही रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होतात... माझ्याशी इतकं गोड वागत होतात."

"गोड वागलो ते खोटं नव्हतं."

"मला कसं कळणार ते?"

"नाही कळणार," तो म्हणाला. "तुम्ही मला आवडता – फार. पण हे ऐकून तुम्ही काही करावं, असं नाही. आणखी एक गोष्ट लपवलेली राहू नये, एवढंच. येतो."

तो वळला. एकेक पायरी उतरू लागला. जिना त्याच्या पावलांनी खणखणत होता, आणि आपण पळून जातोय की शहाण्यासारखे निघून जातोय, हेच त्याला कळत नव्हतं.

"अरे... थांब."

तो थांबला. आपण चुकीचं ऐकलं, असंच त्याला वाटलं. आजवर ती त्याला अहो-जाहोच करत आली होती.

ती दारात आली होती. एक हात रेनकोटाच्या बाहीत, दुसरी बाही लोंबकळत. "वारा मोजायला टोकावर जायचंय. चल."

"तुम्ही मला..."

"काही विचारू नकोस," ती घाईघाईनं म्हणाली. "राग गेलेला नाही माझा. बरेच दिवस जाणार नाही. तेवढे दिवस सोसशील?"

"सोसेन."

"आणि मला वाईट वाटेल म्हणून काही सांगायचं टाळायचं नाही. कधीच."

त्यानं मान हलवली. डोळे भरून आले होते म्हणून त्यानं समुद्राकडे पाहिलं, मग तेही लपवणंच झालं असं वाटून पुन्हा तिच्याकडे पाहिलं. ती बघतच होती. तिची नजर जराशी निवळली. लोंबकळणाऱ्या बाहीत हात घालता घालता ती अडखळली, तेव्हा त्यानं दोन पायऱ्या वर जाऊन ती बाही धरून दिली.

मग दोघं शेजारी शेजारी जिना उतरली. जिना इतका अरुंद, की खांद्याला खांदा लागल्याशिवाय ते जमतच नव्हतं... आणि कुणीच मागे राहिलं नाही.